डावा अंगठा

नेरूळ, सेक्टर अकरा. महावितरणच्या डीपीला टेकून
माझी पेटी. ती पहिल्यांदा आली तेव्हा
बूट भावाचे होते, आठ नंबर,
पुढं कोंबलेला टॉवेलचा तुकडा.
काका, डाव्याला पुढं भोक पाडा.
म्हटलं, लोक भोकं बुजवायला येतात.
तिनं मोजा काढला.
अंगठ्याचं नख जांभळाच्या सालीसारखं,
खाली रक्त साकळलेलं.
चौदा वर्षांची असेल. दिवाळ्याची. हेमांगी तांडेल.

रापी घेतली, अंगठ्याएवढी खिडकी कापली,
कडेनं दोरा फिरवला, उसवू नये म्हणून.
वीस झाले. तिनं दहा दिले.
उरलेले पहिल्या विकेटला, म्हणाली.
अजून यायचेत.

क्रिकेट मला कळत नाही.
बूट कळतात.
डावा आपटतो, सगळं अंग त्याच्यावर कोसळतं.
उजवा मागून घासत येतो,
टोकाचं रबर किसणीवर धरल्यासारखं जातं.
दर तीन आठवड्यांनी उजव्याला ठिगळ,
दर मोसमाला डाव्याला खिडकी.
खिळ्यांच्या खाचांत आधी लाल माती यायची, मग काळी,
मग एकदा पिवळट, पिठासारखी बारीक.
ही कुठली गं?
समुद्रापलीकडची, काका.
निळा शर्ट घालून ती पहिल्यांदा उतरली
तेव्हा माझ्यापुढं गिऱ्हाईक होतं, बघता आलं नाही.
ती माती मी काड्यापेटीत ठेवली होती.
पेटी कुठं गेली, काड्यांसारखीच.

पेटीवर सही करू का, तिनं विचारलं.
म्हटलं, आमच्यात अंगठाच चालतो.

मग एकदा मीच विचारलं,
तू नक्की काय? टाकणारी की मारणारी?
ऑलराउंडर.
म्हणजे संघ निवडताना पहिली काट आमच्यावर.
टाकायला हिच्यापेक्षा वेगवान आहे,
मारायला हिच्यापेक्षा भरवशाची आहे.
मी मागं बोट दाखवलं:
सहा छत्र्या, दोन दप्तरांच्या चेन,
एका बाईचं कुकरचं हँडल.
नुसत्या चपलांवर कोण जगतं?
हसली. पुढचा दात अर्धा,
तोही कुठल्यातरी मैदानावर राहिलेला.

पुढं आठ महिने आलीच नाही.
कमरेच्या मणक्याला चीर, आई सांगून गेली,
निवट्यांची पाटी डोक्यावर तशीच.
केसाएवढी म्हणे.
केसाएवढी चीर मला ठाऊक आहे.
सोलमध्ये दिसत नाही,
वाकवला की बोलते.

परतली तेव्हा बूट कंपनीनं दिलेले,
तिच्या मापाचे, आयुष्यात पहिल्यांदा.
महिन्यानं उजवा हातात घेतला.
टोक शाबूत. रबर जसंच्या तसं.
आणि बोटांवरून आडवी घडी,
टाच उचलून पुढं झुकणाऱ्याची.
पेपरात यायच्या आधी मला कळलं,
ही आता टाकत नाही. मारते.
ठिगळाचं कातडं कापून ठेवलं होतं,
ते परत गुंडाळलं.

एका रात्री स्टेडियमचे दिवे
माझ्या पेटीपर्यंत आले.
ओरडा झाला. मग सगळं गप्प. मग पुन्हा ओरडा.
मेडिकलवाल्याकडं टीव्ही होता,
मी उठलो नाही. एका पट्ट्याला टाके घालत बसलो, चार जास्तच.
चौथ्या दिवशी बूट आले.
उजव्याचं टोक किसलेलं, ताजं.
डाव्याच्या खिडकीचा दोरा रक्तानं कडक.
हरलो, काका.
मी कुठं विचारलं?

आता कधीमधी येते,
आईच्या चपला घेऊन.
परवा सँडलमध्ये होती, सहज खाली बघितलं.
डाव्या अंगठ्याचं नख पुरतं वाढलंय.
गुलाबी. जरा वाकडं.
तीही बघत होती.
नेलपॉलिश लावून बघितली, म्हणाली,
बरी नाही दिसत.